मुंगीचा डोळा आणि मागे घोडबंदरचे टॉवर

“पहाटे जा. किडे गारठलेले असतात, पंखांवर दव असतं, अगदी नाक लावलं तरी हलत नाहीत.” किड्यांचे जवळून फोटो कसे काढावेत हे शिकवणाऱ्या परदेशी व्हिडिओंत हे हमखास ऐकायला मिळतं. मीही ते भाबडेपणाने मनावर घेतलं आणि एका मे महिन्यात ओळीने तीन रविवार पाचचा गजर लावून ठाण्याजवळच्या जंगलातलं येऊर गाठलं. दव कुठलं दिसायला! पाणी साचलं ते माझ्या लेन्सवर. रात्रभर एसीच्या खोलीत असलेला कॅमेरा दमट हवेत बाहेर काढला आणि काच अशी धुरकटली, की पंधरा मिनिटं नुसती पुसत बसले. तोवर चतुर कामाला लागले होते. (आता कॅमेऱ्याची बॅग रात्री हॉलमध्येच असते. एसीच्या खोलीत न्यायची नाही.)

सल्ला खोटा नाही, पण तो तिकडच्या उन्हाळ्याचा आहे. किडे अंगाची ऊब बहुतेक बाहेरूनच मिळवतात. इंग्लंडात जूनच्या रात्रीही पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो. मग सकाळी उडण्याचे स्नायू तापेपर्यंत चतुराला ऊन खात बसावं लागतं आणि फोटोवाल्याला तासभर उसंत मिळते. ठाण्यात मेमधली रात्र २६-२७ अंशांच्या खाली जायचं नाव घेत नाही. इथला चतुर उजाडताच तयार असतो. तेव्हा आपल्याला थंडीचा आधार नाही, किड्यांच्या सवयींचाच काय तो आहे.

चतुराची सवय अशी, की तो एक काडी धरून ठेवतो. उडतो, माशी पकडतो आणि बऱ्याचदा त्याच काडीवर परत येऊन बसतो. त्याच्यामागे धावू नका. तो उडाला की दोन पावलं पुढे सरका, परत आला की थिजून उभे राहा, पुन्हा उडाला की आणखी दोन पावलं. चार-पाच फेऱ्यांनंतर तो तुम्हाला झुडूप समजायला लागतो. भर दुपारी हाच चतुर काडीच्या टोकावर शीर्षासन केल्यासारखा बसलेला दिसेल, शेपटासारखं लांब पोट थेट सूर्याकडे रोखून. उन्हात अंगाचा कमीत कमी भाग यावा म्हणून त्याने काढलेली ही युक्ती. फोटोसाठी ही बैठक सोन्यासारखी, कारण तो बराच वेळ तशीच धरून बसतो.

फुलपाखरांसाठी ओल शोधा. मे महिन्यात डोंगर कोरडा ठणठणीत असतो, त्यामुळे गळक्या नळाखालच्या चिखलावर किंवा ओढ्याच्या उरल्यासुरल्या डबक्याकाठी ती जमतात. हे बहुतेक नर असतात आणि चिखलातले क्षार, विशेषतः सोडियम, शोषून घेत असतात. सोंड खाली टेकली की त्यांचं आजूबाजूला लक्ष कमी होतं. आणि ‘गारठलेला किडा’ हवाच असेल तर पहाटेऐवजी सूर्यास्त गाठा. निळ्या पट्ट्यांच्या मधमाश्यांचे नर संध्याकाळी वाळक्या काडीला जबड्याने चावा घेऊन रात्रभर लटकून झोपतात, कधी एकटे, कधी एकाखाली एक रांगेने. काडी सापडली की दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच बघायचं.

अगदी नवीन असाल तर रुईचं झुडूप बघा. नवी मुंबईतल्या कुठल्याही मोकळ्या प्लॉटवर ते असतंच. त्यावर प्लेन टायगर फुलपाखराची काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी दिवसभर पानं कुरतडत असते. उडत नाही, पळत नाही. हात बसेपर्यंत हिच्यासारखी दुसरी मॉडेल नाही.

भिंग, कागद आणि एक मिलिमीटर

किडा सापडला, हललाही नाही, तरी फोटो अंधुकच येतो. हे का होतं ते एकदा नीट समजून घेतलं की पुढची सगळी तंत्रं त्यातूनच उलगडतात, म्हणून इथे थोडं थांबते.

लहानपणी भिंगाने कागद जाळायचा खेळ आठवा. भिंग बरोबर अंतरावर धरलं की उन्हाचा टिपका सुईच्या टोकाएवढा होतो, जरा पुढेमागे झालं की पसरतो. कॅमेऱ्यात हेच घडतं. समोरच्या प्रत्येक बिंदूचा प्रकाश लेन्समधून शंकूसारखा निमुळता होत सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चकतीवर, एका टिपक्यात मिळतो. टिपका बारीक असेल तर तो बिंदू स्पष्ट, पसरला तर अंधुक. समोर लांबचा डोंगर असेल तर तो शंभर मीटर इकडे-तिकडे असला तरी टिपक्याला फरक पडत नाही. पण वस्तू लेन्सच्या अगदी जवळ आली की तिच्या केसभर हालचालीनेही टिपका मिळण्याची जागा बरीच सरकते. म्हणून जितकं जवळ जावं तितकी स्पष्ट दिसणारी पट्टी पातळ होत जाते.

किती पातळ? किड्याची सेन्सरवरची प्रतिमा किड्याएवढीच पडली तर त्याला एकास-एक म्हणतात. खऱ्या मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपणाऱ्या, लेन्सची ही ओळख. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर एकास-एक ठेवून अ‍ॅपर्चर एफ ८ केलं (हे उजेड आत येण्याचं भोक, एफचा आकडा मोठा तितकं भोक लहान), तर नेहमीच्या हिशोबाने स्पष्ट पट्टी जेमतेम १ मिलिमीटर जाड असते. एफ २.८ ला ती एक तृतीयांश मिलिमीटरवर येते. आंब्याच्या झाडावरची लाल मुंगी, जिला कोकणात ओंबील म्हणतात, तिची मोठी कामकरी ८ ते १० मिलिमीटर लांब असते. समोरून फोटो काढलात तर डोळे स्पष्ट येतील, पण मिशांची टोकं आणि पोट धुक्यात.

उपाय म्हणून अ‍ॅपर्चर लहान करायचं. भोक लहान झालं की शंकू सडपातळ होतो, टिपका कमी पसरतो आणि पट्टी जाड होते. एफ १६ ला ती सुमारे २ मिलिमीटर. पण एफ ८ वरून एफ १६ वर जाताना उजेड चौथाईवर येतो. शिवाय एकास-एकला लेन्स सेन्सरपासून लांब सरकल्यामुळे तोच उजेड मोठ्या जागेवर पसरतो आणि आणखी चौथाई होतो, म्हणजे एफ १६ प्रत्यक्षात एफ ३२ सारखं वागतं. इतक्या बारीक भोकातून जाताना प्रकाश स्वतःच कडेने वाकून पसरतो आणि सगळा फोटोच किंचित मऊ पडतो. बरं, उजेड कमी म्हणून शटर, म्हणजे सेन्सरपुढचा पडदा, जास्त वेळ उघडं ठेवावं तर हाताचा कंपही जवळून तितकाच मोठा दिसतो. आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, वाढवावा तर फोटोत दाणे.

एका पातेल्यात भात आणि पंगतीला चौघे, असं हे प्रकरण आहे. भात म्हणजे उजेड. एकाच्या ताटात जास्त वाढलं की दुसऱ्याचं कमी होणारच. पुढे येणारी तंत्रं म्हणजे या पंगतीतून वाट काढायचे वेगवेगळे मार्ग. कोणी भात बाहेरून आणतं, कोणी जेवणाऱ्यांची संख्या कमी करतं.

उजेड सोबत न्यायचा

बाहेरून भात आणणं म्हणजे फ्लॅश. मॅक्रो म्हटलं की लोक आधी लेन्सची चौकशी करतात. मला विचाराल तर आधी फ्लॅश घ्या आणि लेन्स नंतर. फ्लॅशमुळे एफ ११ ला भरपूर उजेड मिळतो, हा एक फायदा. दुसरा फायदा जास्त मोठा. कमी ताकदीवर टाकलेला फ्लॅश सेकंदाच्या सुमारे दहा हजाराव्या भागापुरताच पेटतो. सावलीत, आयएसओ १०० आणि शटर १/२०० ठेवून काढलात तर बाकीच्या उजेडाचा फोटोत जवळजवळ वाटा नसतो आणि त्या क्षणार्धात हात थरथरला काय, मुंगी धावली काय, सगळं गोठतं.

अडचण एकच, उघडा फ्लॅश किड्याच्या चकचकीत पाठीवर पांढरा डाग पाडतो. इथे ‘मऊ उजेड’ म्हणजे काय ते कळायला हवं. दुपारचा सूर्य आभाळात रुपयाएवढा दिसतो, म्हणून सावली चाकूने कापल्यासारखी. ढगाळ दिवशी अख्खं आभाळच दिवा होतं आणि सावल्या विरघळतात. दिव्याचा खरा आकार गौण, किड्याला तो केवढा दिसतो हे महत्त्वाचं. दोन पदरी ट्रेसिंग पेपर किंवा थर्मोकोलची पातळ पांढरी प्लेट फ्लॅशपुढे लावून ती मुंगीपासून दहा सेंटिमीटरवर आणली की तिच्या दृष्टीने आभाळ भरून आलंय. माझा डिफ्यूजर, म्हणजे उजेड पसरवणारा पडदा, चिवड्याच्या पाकिटाची चंदेरी बाजू, एक ट्रेसिंग पेपर आणि रबरबँड यांचा आहे. दिसायला भिकार, काम चोख.

फ्लॅशच्या फोटोत मागचं सगळं काळं का होतं, हाही प्रश्न नेहमी येतो. छोट्या दिव्याचा उजेड दुप्पट अंतरावर चौथाईच उरतो. मुंगी दहा सेंटिमीटरवर आणि मागचं पान एक मीटरवर असेल तर पानापर्यंत शंभरावा हिस्साच पोचतो. काळं नको असेल तर शटर १/६० करा, आयएसओ ४००-८०० वर न्या आणि मागच्या झाडीला तिचा स्वतःचा उजेड मिळू द्या.

लेन्सबद्दल आता थोडक्यात. मॅक्रो लेन्स परवडत नसेल तर एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे कॅमेरा आणि लेन्समध्ये बसणारी पोकळ कडी. ५० मिलिमीटरच्या लेन्सला २५ मिलिमीटरची कडी लावली की अर्धा मोठेपणा मिळतो, ५० ची लावली की एकास-एक. लेन्स उलटी बसवण्याची रिंग आणखी स्वस्त, पण मेमध्ये डोंगरावरची धूळ उघड्या लेन्समध्ये घुसते, म्हणून मी ती सोडून दिली. लेन्सपुढे स्क्रूने बसणारं जादा भिंगही चांगलं चालतं.

फ्लॅश न आवडणाऱ्यांसाठी दुसरा मार्ग पट्टीचा शहाणपणाने वापर करण्याचा. पट्टी १ मिलिमीटरच आहे ना, मग जे दाखवायचं ते सगळं त्या पट्टीत आणा. फुलपाखरू पंख मिटून बसलं असेल तर त्याचा पंख म्हणजे सपाट कागद. सेन्सर त्याला अगदी समांतर धरलात तर मोठ्या अ‍ॅपर्चरलाही अख्खा पंख स्पष्ट येतो आणि मागचं मऊ पडतं. नवखे नेमके तिरके उभे राहतात. आणि फोकसची रिंग फिरवत बसू नका. ती एका जागी ठेवा, श्वास रोखा आणि अंगानेच केसभर पुढेमागे झुला. डोळा चमकला की बटण. दहातले आठ फोटो फुकट जातात, माझे अजून जातात.

जे हलत नाही त्याच्यासाठी फोकस स्टॅकिंग. फोकस थोडाथोडा सरकवत दहा, वीस, चाळीस फोटो काढायचे आणि प्रत्येकातली स्पष्ट पट्टी सॉफ्टवेअरने उचलून एकच फोटो बनवायचा. हेलिकॉन फोकस, झिरीन स्टॅकर किंवा फोटोशॉप, कशानेही होतं. सिकाडाची (झाडावर किर्र ओरडणाऱ्या किड्याची) झाडाला चिकटून राहिलेली रिकामी कात यासाठी उत्तम. जिवंत मुंगीवर प्रयत्न केलात तर बारा पाय येतात, मला आले आहेत.

रानफुलं, वारा आणि छत्री

फुलाला पाय नसले तरी वारा आहे. ठाण्यात उन्हाळ्यात सकाळ शांत असते आणि उशिरा सकाळी जमीन तापली की समुद्रावरून वारा सुरू होतो. म्हणून फुलांचं काम साडेनऊच्या आत. तरीही देठ डुलत असेल तर कपड्यांच्या चिमट्याला जाड तार बांधून तार जमिनीत खोचा आणि चिमट्यात देठ हलकेच धरा. फूल तोडायची गरज पडत नाही.

मेच्या मध्यावर ठाण्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य नेमका डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्या उजेडात फुलाच्या पाकळ्या पांढऱ्याफटक आणि खाली काळा खड्डा. तेव्हा छत्री उघडा. फुलावर सावली धरली की उजेड एकसारखा होतो. उलट सकाळी सूर्य फुलाच्या मागे ठेवून बघा. पांढऱ्या कुड्याची पाकळी कंदिलाच्या कागदासारखी उजळते, शिरा दिसतात. रस्त्याच्या दुभाजकातली एकदांडी, जिच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही, तिचीही अशा उजेडात फ्रेम करावीशी वाटते.

लाल फुलांचं दुखणं वेगळं. फेब्रुवारी-मार्चचा पळस आणि पांगारा, मेचा गुलमोहर, फोटोत सगळे लाल रंगाच्या सपाट डागासारखे दिसतात, पाकळीच्या घड्या गायब. सेन्सरकडे जणू लाल, हिरवा, निळा असे तीन माठ असतात. कॅमेरा एकूण पाणी मोजून ‘ठीक आहे’ म्हणतो, पण तोवर लाल माठ भरून वाहत असतो आणि वाहून गेलेलं परत मिळत नाही. एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप कमी करा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, लावून लाल रेघ उजव्या भिंतीला आपटत नाही ना ते बघा आणि रॉ, म्हणजे सेन्सरने टिपलेली मूळ, फाइल ठेवा. पिवळ्या बहाव्याला हेच लागू, फक्त तिथे लाल आणि हिरवा दोन्ही माठ वाहतात.

बहाव्याचे लोंबते घोस मला जसेच्या तसे टिपण्यापेक्षा पुसट आवडतात. शटर १/४ सेकंद, अ‍ॅपर्चर एफ १६, आणि बटण दाबता दाबता कॅमेरा वरून खाली ओढायचा. पिवळ्या सरी पडल्यासारखं चित्र येतं. नवऱ्याच्या मते हा हललेला फोटो आहे.

आता शीर्षकातली मुंगी. काळ्या पार्श्वभूमीवरचा किड्याचा डोळा कितीही देखणा असला तरी तो कुठलाही असू शकतो, केरळचा, आसामचा. मला तो ठाण्याचा हवा असतो. त्यासाठी किडा फोटोत लहान ठेवायचा आणि मागे गाव दिसू द्यायचं. इथे मोबाइल महागड्या कॅमेऱ्यावर मात करतो. त्याचा सेन्सर लहान, म्हणून फ्रेम भरायला मोठेपणा कमी लागतो, आणि मोठेपणा जितका कमी तितकी स्पष्ट पट्टी जाड. फोनची अल्ट्रावाइड, म्हणजे सर्वांत रुंद दृश्याची लेन्स, जवळून फोकस करत असेल तर फोन उलटा करून लेन्स जमिनीलगत आणा. येऊरच्या उतारावर आंब्याच्या खालच्या फांदीला ओंबीलचं घरटं होतं. मोठ्या मुंग्या पानं ओढून कडेला कडा लावतात आणि आपल्या अळ्या तोंडात धरून त्यांच्या रेशमाने ती शिवतात. मी फोन टेकवून आडवी पडले होते, तेवढ्यात करवंदांची टोपली घेतलेल्या मावशी थांबल्या. “ताई, काय पडलं तुमचं?” मुंगीचा फोटो काढतेय म्हटल्यावर त्यांनी मान हलवली, “चावल म्हंजे समजंल.” पाचव्या मिनिटाला समजलं. चावतात आणि चावलेल्या जागी आम्ल फवारतात. पण फोटोत मुंगीचा डोळा आहे, शिवलेलं पान आहे आणि मागे धुरकट घोडबंदरचे टॉवर रांगेने उभे आहेत.

(आडवं पडण्याआधी पाला काठीने हलवून घ्या, उन्हाळ्यातही फुरसं आणि घोणस असतात. येऊरच्या जंगलात बिबट्या आहे, अंधार पडेपर्यंत रेंगाळू नका.)

डोंगर, खाडी आणि ढवळी हवा

निसर्गदृश्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण एप्रिल-मेची हवाच साथ देत नाही. बाष्प आणि धूळ यांनी ती ढवळलेली असते आणि लांबचा डोंगर राखाडी भिंतीसारखा येतो. पोलरायझर (चकाकी अडवणारा फिल्टर) लावून हे धुरकटपण फारसं जात नाही, पानांवरची चकाकी मात्र जाते. मग धुरकटपणाच वापरायचा. सूर्य समोर ठेवला की एकामागची एक रांग फिकट होत जाते आणि डोंगरांचे पदर सुटे होतात.

दिशा लक्षात ठेवा. येऊरच्या उताराला शहर आणि खाडी पूर्वेला, म्हणून तिथे सकाळ. नवी मुंबईत पारसिकची रांग पूर्वेला आणि खाडी पश्चिमेला, म्हणून वाशीच्या सागर विहारला किंवा पारसिक हिलवर संध्याकाळ. आपल्याकडे सूर्य बराच सरळ खाली उतरतो, त्यामुळे तो सोनेरी उजेड अर्धा तासच टिकतो. जागा आधी ठरवून पोचा. भरती-ओहोटीची वेळही पाहून ठेवा, भरतीला खाडीत आभाळाचं प्रतिबिंब मिळतं, ओहोटीला नुसता चिखल आणि नशीब असेल तर जायच्या तयारीतले फ्लेमिंगो. २०१५ पासून हा खाडीचा भाग त्यांचं अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, तेव्हा तिवरांत घुसून पक्षी उडवणं नको.

खरी संधी वळवाच्या पावसानंतर. मेच्या शेवटी एखादी जोरदार सर पडून गेली की धूळ खाली बसते आणि तासाभरासाठी पारसिकची एकेक घळ मोजता येईल इतकी हवा निवळते. तेव्हा हातातलं काम टाकून निघायचं.

आणि जूनच्या सात-आठ तारखेला मृग लागला, दोन सरी पडल्या की ओल्या मातीत मखमली लाल मृगाचा किडा फिरताना दिसतो. पाय मोजलेत तर आठ भरतील, म्हणजे तो कीटक नाही, कोळ्यांच्या गोतातला आहे. सावकाश चालतो, उडत नाही, पाच मिनिटं तरी मिळतात. एक्स्पोजर तेवढं एक स्टॉप कमी ठेवा, मखमलीचा लाल माठ पहिल्याच फोटोला भरून वाहतो.